शेवंताबाईची तान

"को" एवढंच बाहेर आलं आणि पुढचं "डोली" घशातच राहिलं. संघप्रियानं पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा नुसतं "को". काचेच्या केबिनमध्ये डोक्यावर पंखा फिरत होता, समोर माईक होता, माईकच्या पलीकडं कोल्हापूरचं एस.टी. स्टँड सकाळच्या गर्दीनं गच्च भरलं होतं, आणि छताखालच्या कर्ण्यांतून तिचा तो अर्धामुर्धा शब्द फलाटाफलाटावर जाऊन पडला होता. जीभ टाळूला चिकटली होती. बोटं गार पडली होती आणि काळीज इतकं धडधडत होतं, की माईकमधून तेही बाहेर ऐकू जाईल असं तिला वाटलं. आपण आता या खुर्चीतच मरणार, हे तिला अगदी स्वच्छ दिसलं. नेमकं तेव्हाच काचेपलीकडचा एक फेटेवाला शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाला, "पावणं, कोंबडं आरवलं की." फलाट हसला. कोल्हापूरच्या माणसाला हळू हसता येत नाही, त्यामुळं ते हसू काचेतून सरळ आत आलं. ती उठली आणि टेबलाखाली काढून ठेवलेल्या चपला तशाच टाकून मागच्या दारानं बाहेर पडली. पाठीमागं कर्णे एकदम गरजले, "ए कोडोलीवाले, चला, गाडी लागली, पळा." त्यावरून हंबीररावांनी माईक ओढून घेतल्याचं तिला कळलं. हंबीरराव म्हणजे स्टँडचे मुख्य कंट्रोलर, आणि त्यांना खरं तर माईकची गरजच नव्हती.

स्टँडच्या मागं नळ होता. तिनं ओंजळीनं पाणी प्यायलं, तोंडावर मारलं, पुन्हा प्यायलं, तरी तोंड कोरडंच. कोडोली. याहून सोपं गावाचं नाव सगळ्या जिल्ह्यात सापडणार नाही. अवघड म्हणायचं तर हातकणंगले, आणि ते तर तिचं माहेर. लहानपणी तिच्या तोंडी, आईच्या तोंडी, सगळ्या वस्तीच्या तोंडी ते हातकनंगलं होतं. पाणी हे पानी होतं आणि कोण हे कोन होतं. शाळेतल्या बाईंनी एकदा तिला वर्गात उभं करून "बाण" म्हणायला लावलं. ती "बान" म्हणाली, तेव्हा पुढच्या बाकावरच्या मुली तोंडावर हात ठेवून हसल्या. त्यानंतर भांडी घासताना, भाकरी थापताना ती जीभ वर वळवून ण, ण करत बसायची. पोरगी मेंढरागत काय करतीया, म्हणून आई कपाळाला हात लावायची. तो ण तिला कुणी दिला नव्हता, तिनं तो मिळवला होता. कर्ण्यातून "हातकणंगले, जयसिंगपूर मार्गे सांगली" म्हणताना त्या ण वर ती अंमळ जास्त रेंगाळायची. स्टँडवर हे कुणाच्या लक्षात येत नसलं तरी तिला ते माहीत होतं, आणि तेवढ्यावर तिचा दिवस छान जायचा. गाडी चुकलेले लोक तिला शिव्या घालत, गाडी सापडलेले विसरून जात. तिला दोन्हीचं काही वाटत नसे. आवाज आपला होता आणि तो जिथं पोचायचा तिथं पोचत होता.

बरं, आज काही घडलंही नव्हतं. घडायचंच होतं तर ते जोतिबाच्या यात्रेत घडायला हवं होतं, आणि ती यात्रा तर सरून गेली होती. दोन हजार तीन सालची चैत्र पौर्णिमा आणि बाबासाहेबांची जयंती अगदी हातात हात घालून आली. डोंगरावर जाणाऱ्या जादा गाड्या, वरून रिकाम्या येणाऱ्या गाड्या, मध्येच बंद पडलेली एखादी, हरवलेली म्हातारी, सापडलेलं पोर, जोतिबाची लांबच लांब सासनकाठी गाडीत घेता येत नाही म्हणून भांडणारा अख्खा गाव, आणि तिकडं दसरा चौकाकडून ऐकू येणारी जयंतीची हलगी. निळे झेंडे घेतलेली पोरं आणि गुलालानं गुलाबी झालेले भाविक एकाच फलाटावर एकमेकांच्या पायांवर पाय देत उभे होते, आणि त्या सगळ्यांना वाटेला लावणारी ती एकटी. जयंतीला तिला रजा मिळाली नाही. घसा बसला, पाय सुजले, जेवणाचा डबा दोनदा तसाच घरी गेला. पण डोकं कसं थंड होतं. कुठली गाडी कुठं आहे हे तिला डोळे मिटून सांगता येत होतं. पोटात गोळा होता, पण तो गोळाच तिला उभं ठेवत होता. शेवटची जादा गाडी सुटली तेव्हा तो विरघळला, आणि घरी जाऊन ती दगडासारखी झोपली. त्या दिवसांइतकी ती क्वचितच सुखात असेल. आणि आता सगळं शांत झालेलं, वैशाखातली एक साधी सकाळ, घरी सगळं ठीक, आणि तिला एक "कोडोली" म्हणता येऊ नये.

ताण आलाय, असं सगळे म्हणाले. ऑफिसातल्या बायका म्हणाल्या, शेजारीण म्हणाली, आणि नवऱ्यानं, संग्रामनं तर कारणासकट सांगितलं. त्याचं जळक्या मोटारी वाइंडिंग करून देण्याचं दुकान होतं, त्यामुळं जगात जे काही बिघडतं ते लोड जास्त झाल्यामुळं, असं त्याचं ठाम मत. यात्रेचा लोड आला, आता मोटार थंड होऊ दे, रजा टाक. तिनं रजा टाकली. तो बिचारा दुकान बंद ठेवून तिला पन्हाळ्याला घेऊन गेला. तटावर भन्नाट वारा होता, खाली हिरवी-पिवळी शेतं पसरली होती, संग्राम शेंगा सोलून तिच्या हातावर दाणे ठेवत होता, आणि कुणी काही मागत नव्हतं, कुठं जायचं नव्हतं. तिथं ते पुन्हा आलं. आधी तोंड सुकलं, मग बोटं गार, मग ते छातीतलं. दाणे तिच्या मुठीत ओले झाले. संग्रामला तिनं काही सांगितलं नाही, नुसतं वारं लागतंय म्हणाली. रजेनं बरं वाटायचं सोडून दिवसेंदिवस ते वाढतच गेलं. घरात कुकरची शिट्टी झाली, फोन वाजला, तरी दचकायचं. विश्रांती घेऊन घेऊन ती दमून गेली. आपल्याला ताण म्हणावा तर तो कशाचा, हे तिनं स्वतःला कितीदा तरी विचारलं, आणि उत्तर आलं नाही म्हणून तिला आणखी भीती वाटली.

हंबीरराव घरी येऊन गेले. आंब्यांची पिशवी घेऊन आले, चहाला साखर कमी म्हणून मोठ्यांदा ओरडले, आणि मग आवाज खाली आणून, त्यांना जमेल तेवढा खाली आणून, पासच्या खिडकीचं बोलले. तिथं माईक नाही, बोलणं नाही, कॉलेजच्या पोरांना पास लिहून द्यायचे, बसल्या जागी काम. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांना तिची काळजी वाटत होती आणि तीही त्यांच्या सगळ्या गोष्टींसारखी मोठ्यानं वाटत होती. "सोमवारपर्यंत सांगा, ताई," ते म्हणाले, "वर कागद पाठवाय लागतोय. माईकवर मी किती दिवस बोंबलू? लोकं म्हणत्यात, गाडी सोडताय का दंगल लावताय." ती हसली. ते गेल्यावर तिला कळलं, की आपण पासच्या खिडकीला होय म्हणणार आहोत. आणि मग ण चं काय करायचं, हा वेडगळ प्रश्न तिच्या मनात आला. कागदावर लिहिलेला ण कुणालाही काढता येतो. एकदा ती त्या खिडकीमागं बसली, की पुन्हा माईकसमोर येणार नाही, हे तिला माहीत होतं.

हे सगळं ऐकून हातकणंगल्याहून शेवंताबाई आल्या. शेवंताबाई म्हणजे तिची आई, आणि आईविषयी संघप्रियाला लहानपणापासून जे वाटत आलं होतं त्याला भक्ती म्हटलं असतं, पण भक्तीचं आणि त्यांच्या घराचं फारसं जमत नसे. नवरा लवकर गेला, पदरात एक पोर, आणि या बाईनं कोल्हापूरच्या दवाखान्यात आयाची नोकरी धरली आणि रोज सकाळच्या एस.टी.नं येऊन संध्याकाळच्या एस.टी.नं परत जात आयुष्य काढलं. कंडक्टरशी भांडायची, मुकादमाशी भांडायची, वॉर्डात कुणी नर्स पेशंटवर खेकसली तर तिच्याशीही भांडायची. ही कशालाच भीत नाही, असं सगळी वस्ती म्हणायची. बरोबर कायम एक फिरकीचा तांब्या असे, झाकण घट्ट फिरवून बसवायचा, पितळेचा. शेवंताबाईंना तान, म्हणजे तहान, फार लागते, ही घरातली थट्टाच होती. कुठं लग्नाला गेल्या तरी तांब्या, कोर्टाच्या कामाला गेल्या तरी तांब्या. जोंधळ्याच्या रानालासुद्धा इतकं पाणी लागत नाही, असं जावई तोंडावर म्हणायचा आणि त्या हसायच्या. संघप्रियाला मात्र त्या तांब्याचा अर्थ माहीत होता, निदान तसं ती समजत होती. आईच्या तरुणपणी गाडीतली माणसं पाणी देताना हात वर धरून ओंजळीत ओतायची, नाहीतर ऐकूच न आल्यासारखं करायची. म्हणून आईनं कुणाकडं मागायचंच नाही असं ठरवलं. कॉलेजात असताना जयंतीच्या सभेत संघप्रियानं या तांब्यावर भाषण केलं होतं, आणि टाळ्या वाजत असताना मागच्या रांगेत बसलेल्या आईनं तोच तांब्या उघडून पाणी प्यायलं होतं. तो आईचा अभिमान आहे, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

लेकीला मनाच्या डॉक्टरकडं न्यायचं ठरलं तेव्हा संग्राम जरा कचरला, पण शेवंताबाईंनी त्याला एका वाक्यात गप्प केलं. डोळ्याला डोळ्याचा लागतो, दाताला दाताचा लागतो, मग ह्येला काय झालं, असं त्या म्हणाल्या. राजारामपुरीत एका मेडिकल दुकानाच्या वर दवाखाना होता. पाटीवर डॉ. निशिगंधा घोरपडे असं नाव होतं. शेवंताबाईंनी ते एकेक अक्षर लावून वाचलं आणि जिन्यातच म्हणाल्या, "आडनावातच घोर हाय, ही तुजा घोर काय घालवनार?" वर नंबर लावून बसलेले दोघंतिघं अवघडून दुसरीकडं बघायला लागले. डॉक्टर तरुण होत्या, पुण्याकडं शिकून आलेल्या, बोलणं स्वच्छ आणि हळू. संघप्रियाला त्यांचा ण फार आवडला. तिनं सगळं सांगितलं, कोंबड्यासकट. सांगताना मध्येच आवाज अडकला तेव्हा डॉक्टरांनी घाई केली नाही की पाण्याचा ग्लासही पुढं सरकवला नाही, नुसत्या थांबल्या, आणि त्यांच्या त्या थांबण्यामुळं शब्द आपोआप बाहेर आला. मग त्यांनी विचारलं, हा ताण कधीपासून आहे. संघप्रिया उत्तर जुळवत होती तोवर शेजारच्या खुर्चीतून उत्तर आलंसुद्धा.

"तान? मला इचारताय व्हय? नोकरी धरल्यापासनं हाय की."

डॉक्टर वळल्या. एवढी वर्षं, म्हणून त्यांनी काळजीनं विचारलं, कशाचा ताण?

"कशाची म्हंजे? पान्याची. तान आनि कशाची असती, बाई?"

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग संघप्रियाच्या डोक्यात उजेड पडला, आणि कितीतरी दिवसांनी ती पोट धरून हसली. त्या दोन अक्षरांमध्ये तिची सगळी शाळा होती. डॉक्टरांना समजावून सांगितलं तेव्हा त्याही हसल्या, पेन खाली ठेवून हसल्या, आणि हसता हसता म्हणाल्या की चूक माझी, कोल्हापुरात दवाखाना काढून मला तान कळत नाही म्हणजे कमाल आहे. संघप्रियाला त्या तेव्हापासून मनापासून आवडायला लागल्या. आपल्या हसण्यानं कुणाला खाली बघावं लागू नये, अशी ती तऱ्हा होती. मग सवयीनं त्यांनी साखर तपासली आहे का म्हणून विचारलं. शेवंताबाई म्हणाल्या, दवाखान्यातच नोकरी, कितीदा तरी तपासली, साखर न्हाय, काय न्हाय. डॉक्टरांनी पेन पुन्हा हातात घेतलं, आणि त्यांचं हसू हळूहळू कमी झालं.

"मावशी," त्यांनी विचारलं, "ही तान लागते कधी?"

शेवंताबाईंनी पदर नीट केला, लेकीकडं एकदा बघितलं, आणि मग टेबलाच्या कडेशी बोलल्यासारखं बोलल्या.

"गाडीत चढताना. पायरीवर पाय ठिवला की तोंड वाळतंय. छाती भरती, हात गार पडत्यात. वाटतं, आता पडतीया, हितंच मरतीया. बेल वाजली, गाडी हलली की मग जरा कमी येतंय."

"रोज?"

"नोकरी हुती तवर रोज. आयतवारी गाडी नसायची, तर उद्या हाय म्हनून आयतवारी."

संघप्रिया आईकडं बघत राहिली. रोज सकाळी अंधारातून उजेडात येणारी ती लाल गाडी, तिच्या पायरीवर आईचा पाय, आणि आपण झोपेत हात हलवून तिला निरोप देत असू. आईचा चेहरा तेव्हा कसा असायचा, हे तिला कितीही आठवलं तरी दिसेना, कारण तिनं तो कधी बघितलाच नव्हता. तिनं फक्त तांब्या बघितला होता. लोकं पाणी देत नसत म्हणून तो तांब्या, ना आई, असं तिनं विचारलं. विचारताना आपला आवाज लहान मुलीसारखा झाला, हे तिला ऐकू आलं.

"त्येबी हुतंच की," शेवंताबाई म्हणाल्या, "पर ती गोष्ट येगळी. त्येचं कारन मला ठावं हुतं. कोन पानी देत न्हाय, का देत न्हाय, समदं ठावं. त्यास्नी मी त्वांडावर बोलायची, भांडायची, आनि भांडून आले की झोप लागायची. पर ह्येच्यासंगं भांडायचं तर हितं हाय कोन? गाडी आपली, सीट मिळालेली, कंडक्टर वळखीचा. आनि तरी मरतीया म्हनून वाटायचं."

कुणालाच सांगितलं नाही का, असं डॉक्टरांनी विचारलं.

"सांगितलं की. तान लागती म्हनून सांगितलं. समदी म्हनली, पानी पी."

मग चढायचीस कशी, एवढंच संघप्रियाला विचारता आलं.

"कशी म्हंजे? पाय उचलून."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी दोघींना मिळून सांगितलं, आणि सांगताना शेवंताबाईंच्याच बोलण्याचा धागा धरला. ताण असला की दोरीचं एक टोक बाहेर कुणीतरी ओढत असतं. यात्रा असते, भांडण असतं, आजारपण असतं. त्यानं सोडलं की दोरी सैल पडते आणि झोप लागते. चिंतेच्या आजारात बाहेर कुणी नसतं. दोन्ही टोकं आपल्याच हातात असतात आणि ती सोडायची कशी ते हाताला माहीत नसतं, म्हणून रजा घेऊन ती सुटत नाहीत. हा भित्रेपणा नव्हे, हे दुखणं आहे आणि त्याला उपाय आहेत. थोड्या गोळ्या, श्वासाची सवय, आणि ज्याची भीती वाटते त्याच्याजवळ थोडं थोडं जाणं. पळून गेलं की ते वाढतं. पासच्या खिडकीबद्दल त्यांनी होयही म्हटलं नाही आणि नाहीही. शेवंताबाई मात्र एकाच शब्दाशी अडून बसल्या होत्या.

"म्हंजे माज्या तानंलाबी गोळी हाय व्हय?"

आहे, डॉक्टर म्हणाल्या. आधीही होती.

शेवंताबाईंनी मान हलवली. रडल्या नाहीत, रडणं त्यांना कधी सुचलंच नसावं. "बघ की," त्या लेकीला म्हणाल्या, "आनि मी पानी पीत बसले."

राजारामपुरीच्या रस्त्यानं दोघी चालत निघाल्या. उन्हं उतरत होती, दुकानांच्या पाट्यांवर दिवे लागत होते. आई नेहमीसारखी रिक्षावाल्यांना बाजूला सर म्हणत पुढं चालली होती आणि संघप्रिया मागून तिची पाठ बघत होती. आपल्या आयुष्यातले ताण तिला एकेक करून आठवायला लागले, आणि गंमत म्हणजे प्रत्येकाला नाव होतं. नोकरीची परीक्षा. बाळंतपण अडलं ती दुपार. संग्रामचं दुकान जळालं तो पावसाळा. केबिनमध्ये पहिल्यांदा बसली तेव्हा, हिला माईक कशाला दिला म्हणून कुजबुजणारे ते दोघं; त्यांचीही नावं तिला अजून पाठ होती. त्यातल्या एकानंही तिची जीभ अडकली नव्हती. उलट तेव्हा तिचा ण जास्तच खणखणीत यायचा. आणि हे जे आलं होतं, त्याला गाव नव्हतं, नाव नव्हतं, फलाट नव्हता. ते आईकडूनच आलं असेल का? शक्य आहे. नाक आलं, रंग आला, हट्ट आला, तर हेही आलं असेल. तिला राग यायला हवा होता, पण छाती अभिमानानं भरून आली, आणि या वेळी ते भरून येणं वेगळं आहे हे तिला चटकन ओळखता आलं. आई कशाला भीत नाही म्हणून तिनं आयुष्यभर आईला मानलं होतं. जयंतीच्या त्या सभेत तिनं अर्धंच भाषण केलं होतं. पाणी न देणाऱ्यांशी आई लढली हे खरंच, त्याला लोकांनी टाळ्या दिल्या. पण रोज सकाळी आपण मरणार अशी खात्री असताना, ज्याला कुणी टाळी दिली नसती, कुणाला दिसलंही नसतं, अशा एका पायरीवर ही बाई पाय ठेवत राहिली, कारण घरी एक पोर शाळेत जात होतं आणि ण म्हणायला शिकत होतं. एवढी मोठी बाई आपल्या घरात राहत होती आणि आपण तिच्या तहानेची चेष्टा करत होतो. आई पुढं एका उसाच्या रसाच्या गाड्याशी थांबली आणि बर्फ घालू नको म्हणून गाडेवाल्याशी भांडायला लागली.

सोमवारी संघप्रिया स्टँडवर गेली तेव्हा हंबीररावांनी पासच्या खिडकीचा कागद टेबलावर काढून ठेवला होता. गोळ्या सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. लगेच गुण येणार नाही, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. ती कागदाकडं न बघता माईकसमोरच्या खुर्चीत बसली. समोर फलाटावर कोडोलीची गाडी लागलेली होती. तिनं बटण दाबलं. जीभ टाळूला चिकटली, बोटं गार झाली, सगळं अगदी ओळखीच्या क्रमानं आलं. "को," ती म्हणाली, आणि थांबली. कर्णे गप्प झाले. काचेपलीकडची डोकी वर उचलली गेली. आता हसतील, असं तिला वाटलं, आणि हसले तर हसू देत असंही वाटलं. डॉक्टर थांबल्या होत्या तशी ती स्वतःसाठी थांबली. सगळं स्टँड तिच्याबरोबर थांबलं. मग श्वास सोडत तिनं उरलेलं म्हटलं, आणि कोडोलीला जाणारी गाडी कुठं उभी आहे ते, प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे इथपासून, शेवटपर्यंत सांगितलं. आवाज थरथरत होता, पण पोचत होता. गाडीकडं माणसं पळाली.

हंबीरराव वाकून तिच्या तोंडाकडं बघत होते. "गेलं का वो त्ये, ताई?"

"न्हाय," ती म्हणाली. इतक्या वर्षांत त्या केबिनमध्ये ती पहिल्यांदाच घरच्या बोलीत बोलत होती. "हितंच हाय, छातीत. धडधड चाललीया. पर गाडी सोडू नगं, असं काय म्हनलं न्हाय त्येनं."

"मग ह्यो कागद?"

"ऱ्हाऊ द्या. म्होरली गाडी कंची हाय, त्येवढं सांगा."

हंबीरराव सांगणार तोच त्यांचं लक्ष तिच्या बोटाकडं गेलं. बटण अजून दाबलेलंच होतं. सगळ्या स्टँडनं सगळं ऐकलं होतं. तिची मान खाली गेली, बोट उचलायचंही सुचेना. मग पलीकडच्या फलाटावरून एका बाईचा खणखणीत आवाज आला, "वडगाव हाय, बाई, पेठ वडगाव. सोडा की लवकर, ऊन लागतंय."